थंडीत खुडूक कोंबडी बसवताना



दिवाळी झाली, सुगीची गडबड ओसरली की गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. "माझी कोंबडी खुडूक झालीय, पण थंडी पडलीय. बसवू का नको?" कुणी म्हणतं, थंडीत पिल्लं जगत नाहीत. कुणी म्हणतं, माझी तर उन्हाळ्यातच जास्त नासली. खरं तर दोघींचंही बरोबर आहे. उन्हाळ्यात अंडी नासतात, थंडीत पिल्लं गारठतात. पण उन्हाळ्याचं ऊन आपल्याला कमी करता येत नाही, थंडी मात्र पेंढा, पोतं आणि थोडी देखरेख यांनी अडवता येते. म्हणून थंडीतली रवण नीट जमली तर ती फायद्याची असते.

फायदा कसा ते आधी बघू. डिसेंबरात निघालेलं पिल्लू जूनमध्ये सहा महिन्यांचं होतं. गावरान कोंबडा तोवर किलो-सव्वा किलोच्या आसपास येतो. जूनच्या शेवटी, जुलैत आखाड लागतो. आखाडात गावरान कोंबड्याला काय भाव असतो ते कुणाला सांगायला नको. शिवाय पावसाळा सुरू होताना आपली पिल्लं मोठी झालेली असतात, ओलीचा त्रास त्यांना कमी होतो. पिल्लं पावसाळ्यात काढली तर आखाड हातचा जातो आणि ओलीत मरही जास्त होते.

पण हे सगळं पिल्लं जगली तर. बारा अंडी घालून चारच पिल्लं हाती लागली, तर आठ अंड्यांचे पैसे गेले आणि कोंबडीचे दोन-तीन महिनेही गेले. म्हणून बसवायच्या आधी पुढच्या गोष्टी वाचा आणि आपल्या घरी काय जमेल ते ठरवा.

कोंबडी खरंच खुडूक आहे का?

गावरान कोंबडी साधारण बारा ते अठरा अंडी घातली की खुडूक होते. तिच्या अंगात तसा बदल होतो, अंडी घालणं थांबतं. ती जागा सोडत नाही, हात लावला की पिसं फुलवते, खुर्र-खुर्र करते, टोचते. पोटाखालची पिसं गळून कातडी उघडी पडते. ही उघडी कातडी अंड्याला चिकटते आणि अंगाची ऊब थेट अंड्याला मिळते.

थंडीत घाई करू नका. आधी तिच्याखाली दोन-तीन खुणेची अंडी ठेवून तीन-चार दिवस बघा. रात्री पण जागेवर बसून राहिली, तर ती पक्की खुडूक. दिवसा बसते आणि रात्री इतर कोंबड्यांसोबत जाऊन बसते, अशा कोंबडीवर भरवसा ठेवू नका. थंडीत एका रात्रीची गैरहजेरीसुद्धा महागात पडते.

थंडीसाठी कोंबडी निवडताना एवढं बघा:

- आधी एकदा तरी पिल्लं काढलेली असावी. पहिल्या वेताची तलंग थंडीत शक्यतो बसवू नका.
- अंगाने भरलेली असावी. छातीचं हाड हाताला टोचत असेल तर ती अशक्त आहे. एकवीस दिवसांत तिचं वजन आणखी उतरतं.
- पंखाखाली, मानेवर, गुदद्वाराजवळ उवा नसाव्यात. उवा असल्या तर ती सारखी उठते आणि अंडी गार होतात. बसवायच्या आधी अंगाला कोरडी राख चोळा, तिला राखेत लोळू द्या.
- मानमोडीची लस आधीच झालेली असावी.

कडकनाथ किंवा सुधारित जातीच्या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, झाल्या तरी उठून जातात. त्यांची अंडी उबवायची असतील तर ती गावरान कोंबडीखालीच घालावीत.

अंडी कोणती घालावी?

घरात किंवा शेजारी कोंबडा असायलाच हवा. कोंबड्याशिवाय घातलेल्या अंड्यातून पिल्लू निघत नाही. दहा कोंबड्यांमागे एक धडधाकट कोंबडा पुरे.

अंडी सात दिवसांच्या आतली घ्या. दहा दिवसांच्या पुढचं अंडं तर नकोच. थंडीत रात्रीचं अंडं सकाळपर्यंत गारठतं, म्हणून दिवसातून दोनदा अंडी गोळा करा. ती घरात, धान्याच्या किंवा तुसाच्या टोपलीत, जाड टोक वर ठेवून साठवा. फ्रीजमध्ये ठेवलेलं अंडं बसवू नका. अंडं धुऊही नका. अंड्याच्या कवचावर नैसर्गिक पातळ थर असतो. तो गेला की रोगजंतू आत शिरतात. थोडी घाण असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, जास्त घाण असेल तर ते अंडं खायला वापरा.

फार मोठं, फार लहान, तडकलेलं, खरबरीत कवचाचं अंडं बाजूला काढा. लांबट अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी निघते असं आपल्याकडे म्हणतात, त्यात तथ्य नाही. आकारावरून नर-मादी कळत नाही.

थंडीत अंडी कमी घाला

इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. एरवी बारा-तेरा अंडी घालणाऱ्या घरात थंडीतही तेवढीच घातली जातात. दोन अंडी जास्त घातली तर दोनच वाया जातील, असं आपल्याला वाटतं. पण तसं होत नाही.

कोंबडी दिवसातून अनेकदा चोचीने अंडी फिरवते. मधली कडेला आणि कडेची मध्ये करते. अंडी तिच्या अंगाखाली मावत नसतील तर कडेची एक-दोन अंडी उघडी राहतात आणि गार होतात. थोड्या वेळाने ती अंडी मध्ये जातात आणि दुसरी कडेला येतात. म्हणजे प्रत्येक अंड्याची गारठायची पाळी येते. दोन जास्तीच्या अंड्यांपायी सगळ्या रवणीचं नुकसान होतं.

म्हणून लहान चणीच्या गावरान कोंबडीला थंडीत आठ, मोठ्या चणीच्या कोंबडीला दहा अंडी पुरे. निफाडकडे, धुळे-नंदुरबारला, गोंदिया-गडचिरोलीकडे, जिथे रात्री पारा दहाच्या खाली जातो, तिथे लहान कोंबडीला सात घातली तरी चालतील. ती बसल्यावर समोरून आणि बाजूने वाकून बघा. एकही अंडं बाहेर दिसायला नको. दिसलं तर काढून घ्या.

जागा आणि रवण

कोंबडीच्या अंगाची ऊब वरून मिळते. पण जमीन खालून ती ओढून घेते. उघड्या फरशीवर किंवा शेणाने सारवलेल्या ओल्या जमिनीवर टोपली ठेवली तर कोंबडी कितीही चांगली बसली तरी अंड्यांची खालची बाजू गार राहते.

रवण अशी तयार करा:

१. दोन विटा ठेवून त्यावर फळी टाका. टोपली जमिनीपासून वीतभर वर येते. यापेक्षा उंच नको, निघालेली पिल्लं पडतात.
२. फळीवर दुमडलेलं जुनं पोतं ठेवा.
३. पसरट टोपली किंवा पाटी घ्या. तळाला दोन बोटं कोरडी राख घाला. राखेने ऊब टिकते आणि उवा-पिसवाही कमी होतात.
४. त्यावर चार बोटं कोरडा पेंढा किंवा मऊ गवत. मधे हलका खोलगटपणा करा, म्हणजे अंडी कडेला घरंगळणार नाहीत. कडुनिंबाचा वाळलेला पाला मिसळला तर चांगलं.

उन्हाळ्यात आपण टोपलीत ओलसर वाळू घालतो. थंडीत ती अजिबात घालू नका. ओल म्हणजे गारवा.

टोपली घरातल्या आडोशाच्या कोपऱ्यात ठेवा. चुलीच्या भिंतीच्या पलीकडची बाजू उत्तम. भिंत उबदार राहते आणि धूरही लागत नाही. दाराच्या समोर, खिडकीखाली, उघड्या पडवीत नको. थंडीत वारा उत्तरेकडून येतो, त्या बाजूला पोत्याचा पडदा लावा. पण चारी बाजूंनी गच्च बंद करू नका. कोंबडीलाही हवा लागते आणि अंड्यातल्या जिवालाही लागते. वरच्या बाजूला हवा जायला जागा असू द्या. मांजर, मुंगूस, घूस पोचणार नाही एवढं बघा.

काही घरांत रवणीत लोखंडाचा तुकडा, कोळसा, मिरची ठेवतात. ठेवायची असेल तर ठेवा, त्याने बिघडत नाही. पण थंडी अडवायचं काम पेंढा आणि पोतंच करतं.

बसवणं

थंडीची लाट सांगितली असेल तर तीन-चार दिवस थांबा. कोंबडी खुणेच्या अंड्यांवर बसून राहील. लाट ओसरली की खरी अंडी घाला. घालायच्या आधी अंडी सहा-सात तास घरातल्या उबदार जागी राहू द्या. एकदम गार अंडी पोटाखाली गेली तर तीही बिचकते आणि अंड्यांवरही ओल धरते.

संध्याकाळी अंधार पडल्यावर बसवा. रात्री ती शांत बसते आणि सकाळपर्यंत अंड्यांना धरते. सगळी अंडी एकाच वेळी घाला. आज चार, उद्या चार असं केलं तर पिल्लंही वेगवेगळ्या दिवशी निघतात. पहिली पिल्लं घेऊन कोंबडी उठून जाते आणि मागची अंडी तशीच राहतात. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने फुली मारा. दुसरी कोंबडी येऊन त्यात अंडं घालून गेली तर लगेच ओळखता येतं.

तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. समजा १ डिसेंबरच्या संध्याकाळी बसवली. तर हिशोब असा:

- ८ डिसेंबर: पहिली तपासणी
- १५ डिसेंबर: दुसरी तपासणी
- १९ डिसेंबरपासून: अंड्यांना हात लावायचा नाही
- २२ डिसेंबर: पिल्लं निघायचा दिवस
- २७ ते २९ डिसेंबर: लासोटा लस

रोजची देखरेख

बसलेली कोंबडी दिवसातून एकदा उठते. खाते, पाणी पिते, विष्ठा टाकते आणि परत येते. उन्हाळ्यात ती अर्धा तास बाहेर राहिली तरी चालतं. थंडीत दहा-पंधरा मिनिटं पुरे. अंडं वीस-एकवीस अंशांच्या खाली गेलं की आतल्या जिवाची वाढ थांबते. असं रोज रोज झालं तर पिल्लू उशिरा निघतं, अशक्त निघतं, किंवा आतच मरतं.

यावर सोपा उपाय म्हणजे दाणा-पाणी पहाटे ठेवायचं नाही. दुपारी बारा-एकच्या उन्हात ठेवायचं. कोंबडीला त्या वेळेची सवय लागते. हवा उबदार असताना ती उठते आणि अंडी कमी गारठतात. ती उठली की अंड्यांवर जुन्या गोधडीचा किंवा लोकरीचा तुकडा अलगद टाका, ती येताना दिसली की काढा.

दाणा अख्खा द्या. ज्वारी, बाजरी, मका, गहू, जे घरात असेल ते. अख्खा दाणा पोटात जास्त वेळ राहतो, अंगात ऊब धरतो आणि विष्ठा घट्ट होते. पाणी कोमट द्या. जवळच कोरडी राख-माती ठेवा, तिला लोळता येईल.

कोंबडी दिवसभर उठलीच नाही तर तिला हळूच उचलून दाण्यापाशी ठेवा. उचलताना पंखाखाली अंडं अडकलेलं नाही ना ते बघा. काही कोंबड्या इतक्या जीव लावून बसतात की उपाशी राहून सुकतात.

एखाद्या रात्री ती उठून गेली आणि सकाळी अंडी गार लागली, तर लगेच फेकू नका. तिला परत बसवा. चार-पाच दिवसांनी तपासा. कधी कधी आतला जीव तग धरून राहतो.

अंडी तपासणं

सातव्या दिवशी रात्री, अंधाऱ्या खोलीत तपासा. पुठ्ठ्याची नळी करून मोबाइलच्या टॉर्चवर धरा आणि अंड्याचं जाड टोक त्यावर टेकवा.

- लाल शिरांचं जाळं आणि मधे काळा ठिपका, कोळ्यासारखा दिसतो: जीव आहे.
- आत सगळं स्वच्छ, पिवळसर उजेड: अंडं रितं आहे, काढून घ्या.
- लाल रेघेचं नुसतं कडं: जीव धरला होता, मेला. काढून टाका.

चौदाव्या दिवशी परत बघा. जाड टोकाकडे हवेची मोकळी जागा आणि बाकी सगळं काळं दिसलं तर चांगलं. थंडीत एका वेळी तीन-तीन अंडीच काढा आणि पटकन परत ठेवा. रिती आणि मेलेली अंडी काढली की उरलेल्यांना जास्त ऊब मिळते. नासलेलं अंडं फुटलं तर सगळ्या रवणीला घाण लागते, तो धोकाही टळतो.

पिल्लं निघताना

एकविसाव्या दिवशी कवचाला टोच पडते. टोच पडल्यापासून बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागू शकतात. या वेळी आपला हात शिवशिवतो, कवच सोलून मदत करावीशी वाटते. करू नका. आतल्या शिरांमधलं रक्त आणि पोटातला बलक अजून पिल्लाच्या अंगात शिरत असतो. आधीच सोललं तर रक्त जातं आणि पिल्लू मरतं. कोंबडी उचलून सारखं बघूही नका. गार वारा लागला की आतला पापुद्रा सुकून पिल्लाच्या अंगाला चिकटतो, मग त्याला फिरता येत नाही.

अंडी अधूनमधून गार झालेली असतील तर पिल्लं बावीस-तेवीस दिवसांनीही निघतात. म्हणून एकविसाव्या दिवशी न फुटलेली अंडी लगेच टाकू नका. कानाशी धरा, आतून टकटक किंवा चिवचिव आली तर अजून थांबा. रिकामी कवचं मात्र काढत राहा.

निघालेलं पिल्लू ओलं असतं. आईखाली सुकू द्या. पहिला दीड दिवस त्याला खायला मिळालं नाही तरी चालतं, पोटात बलक असतो. ऊब मात्र पहिल्या मिनिटापासून लागते.

पहिला महिना: इथेच पिल्लं जातात

पिल्लाला जन्मताच पिसं नसतात, नुसता लोकरीसारखा कापूस असतो. स्वतःची ऊब त्याला राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी चालते. आईच्या पंखाखाली ही ऊब मिळते. पण आई पिल्लांना घेऊन पहाटेच्या दवात फिरायला निघाली, तर ती चालत राहते आणि पिल्लं भिजून मागे पडतात.

म्हणून पहिले दोन-तीन आठवडे आई आणि पिल्लं डालग्याखाली, आडोशाला ठेवा. ऊन वर आलं, दव सुकलं की नऊ-दहाच्या सुमारास सोडा. सूर्य कलला की पाचच्या आत घरात घ्या. खाली दोन-तीन बोटं कोरडं तूस किंवा पेंढा पसरा. ओला झालेला भाग रोज काढा. डोळ्यांना झोंबणारा वास येऊ लागला तर आत हवा कोंडली आहे असं समजा.

पाणी कोमट आणि उथळ ताटलीत द्या, त्यात स्वच्छ खडे टाका. पिल्लू पाण्यात पडायला नको. थंडीत भिजलेलं पिल्लू फार वेळ टिकत नाही. भिजलंच तर कोरड्या फडक्याने पुसून चुलीजवळ उबेला धरा. पहिल्या दिवशी पाण्यात थोडा गूळ घालता येतो.

खायला तांदळाची कणी, ज्वारी-मक्याचा बारीक भरडा. पण नुसत्या कणीवर पिसं लवकर येत नाहीत, आणि पिसं उशिरा आली की थंडी जास्त दिवस बाधते. म्हणून त्यात उकडलेलं अंडं कुस्करून, शेंगदाण्याची पेंड, वाळवी, यातलं जे मिळेल ते द्या. जमलं तर पहिले तीन-चार आठवडे दुकानातलं पिल्लांचं खाद्य द्या. चार वेळा थोडं थोडं द्या. रात्री पोट भरलेलं असलं की पिल्लू थंडी सोसतं.

पिल्लांकडे बघून ऊब कळते. एकमेकांवर चढून जोराने चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजते. लांब पळून चोच उघडून धापत असतील तर गरम होतं. पसरून शांत खात-झोपत असतील तर बरोबर आहे.

आई मेली किंवा पिल्लं जास्त असली तर बाहेरची ऊब द्यावी लागते. दहा-बारा पिल्लांना ४० किंवा ६० वॅटचा एक जुना पिवळा बल्ब, जमिनीपासून फूट-दीड फूट उंच, पुरतो. एलईडी बल्ब चालत नाही, तो उजेड देतो पण ऊब देत नाही. बल्ब पेंढ्याला किंवा पोत्याला टेकणार नाही याची काळजी घ्या. लाइट गेली तर प्लास्टिकच्या बाटल्यांत गरम पाणी भरून, पोत्यात गुंडाळून पिल्लांच्या मधे ठेवा.

एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. बंद खोलीत पेटत्या कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. झोपेतच माणसं दगावतात. पिल्लांच्या उबेसाठी घरातल्या लेकरांचा जीव धोक्यात घालायचा नाही.

आई आणि पिल्लं कमीत कमी पाच-सहा आठवडे एकत्र राहू द्या. एरवी पिल्लं लवकर वेगळी केली की कोंबडी लवकर अंड्यावर येते, हे खरं. पण थंडीत अंगभर पिसं येईपर्यंत आई लागतेच.

लस आणि रोग

थंडीतून वाचवलेली पिल्लं पुढे मानमोडीने गेली तर सगळे कष्ट पाण्यात. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात घालतात. चौथ्या आठवड्यात परत एक डोस, आणि आठव्या आठवड्याच्या सुमाराला मानमोडीची पुढची लस टोचतात. देवीची लसही असते. तारखा आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा पशुसखीला विचारून पक्क्या करा.

अडचण अशी की लसीच्या एका बाटलीत शंभर किंवा जास्त डोस असतात. ती बर्फात आणावी लागते आणि पातळ केल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. आठ पिल्लांसाठी एकटीने बाटली आणणं परवडत नाही, म्हणून बहुतेक जणी लस देतच नाहीत. यावर गटाचा उपाय सोपा आहे. बैठकीत ठरवून चार-पाच जणींनी एकाच आठवड्यात कोंबड्या बसवायच्या. पिल्लं एकाच वेळी निघतात आणि एका बाटलीत सगळ्यांचं भागतं.

एकाच दिवशी बसवण्याचा आणखी फायदा आहे. सातव्या दिवशी तपासल्यावर एकीकडे पाच आणि दुसरीकडे चार चांगली अंडी उरली, तर ती एकाच कोंबडीखाली घालता येतात. दुसरीला नवी अंडी देता येतात. कुणाची कोंबडी मेली तर पिल्लं दुसरीच्या आईखाली रात्री अंधारात सरकवता येतात. पिल्लं एकाच वयाची, दोन-तीन दिवसांचीच असली तर ती स्वीकारते. थंडीत एका कोंबडीखाली दहा-बारापेक्षा जास्त पिल्लं नकोत.

थंडीच्या दिवसांत बर्ड फ्लूकडेही लक्ष असू द्या. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला सापडला होता. अचानक बऱ्याच कोंबड्या एकदम मेल्या, तर त्या कापू नका, विकू नका, ओढ्यात टाकू नका. उघड्या हाताने शिवू नका, मुलांना दूर ठेवा आणि लगेच दवाखान्याला कळवा.

बसवायचीच नसेल तर

आडोशाची जागा नसेल, कोंबडी अशक्त असेल, किंवा घरात पुढचा महिनाभर बघायला कुणी नसेल, तर यंदा बसवू नका. खुडूक मोडण्यासाठी आपल्याकडे कोंबडीला पाण्यात बुडवतात, नाकात पीस घालतात. थंडीत बुडवलेली कोंबडी आजारी पडते, आणि पीस घातल्याने तिला नुसता त्रास होतो. त्यापेक्षा तिला पेंढा न घालता, खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस उजेडात ठेवा. दाणा-पाणी नेहमीसारखं द्या. खुडूक मोडते आणि पुढे दोन-तीन आठवड्यांत ती परत अंड्यावर येते.

हिशोब लिहून ठेवा

वहीत पाच आकडे लिहा: किती अंडी घातली, किती रिती निघाली, किती पिल्लं निघाली, महिन्याने किती जगली, सहा महिन्यांनी किती विकली. हे आकडे बघितले की नुकसान कुठे होतं ते कळतं. रिती जास्त असतील तर कोंबड्याकडे किंवा अंड्यांच्या ताजेपणाकडे बघा. पिल्लं अंड्यातच मेली असतील तर रवण गार पडली. निघून मेली असतील तर ऊब, ओल किंवा लस यात कमी पडलं. दहा अंड्यांतून सात पिल्लं निघाली आणि त्यातली सहा जगली, तर थंडीतली ती रवण चांगली म्हणायची.

कोंबडीचा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातात राहतो. मुलीची वही, दवाखान्याचा खर्च, गटाचा हप्ता त्यातूनच निघतो. म्हणून येत्या बैठकीत एवढं करा: कुणाकुणाची कोंबडी खुडूक आहे ते विचारा, बसवायची तारीख एकत्र ठरवा आणि लसीची तारीख पशुसखीला आजच सांगून ठेवा.